जुन्या १९११ पिस्तुलाचा चाप जड आहे आणि रांगतोय. हलका कसा करावा?

नेम_चुकला
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं पेटीत पडून असलेलं पॉइंट ४५चं एक जुनं १९११ए१ हाती आलंय. परवाना, नोंदणी सगळं रीतसर नावावर झालंय, तो प्रश्न नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं आहे. बाहेरून वयाच्या मानाने देखणं, नळी आतून स्वच्छ.

दुखणं चापाचं. आधी थोडी मोकळी चाल, मग भिंत लागते. तिथून पुढे वाळूतून ओढल्यासारखा दोन-तीनदा अडखळत सरकतो आणि भलत्याच क्षणी सुटतो. स्प्रिंगच्या काट्यावर कधी ३.२ किलो दाखवतो, कधी साडेतीन. क्लबच्या पंचवीस यार्डांच्या सरावात माझे सगळे छेद खाली डावीकडे गोळा होतात. (दोष माझ्या बोटाचाही असेल, पण सगळा नाही!)

मला साधारण चार पौंड, म्हणजे १.८ किलोच्या आसपास हवाय. सिअर स्प्रिंगची (सिअर म्हणजे चढवलेल्या हॅमरला अडवून धरणारा छोटा तुकडा) पाती वाकवून वजन कमी होतं असं वाचलंय. किती वाकवायची? आणि हॅमरच्या आकड्यांवर (सिअर जिथे अडकतो ते दात) दगड फिरवावा का?

एक_घाव
फार डोकं लावू नका. डावं पातं आणि मधलं पातं जरा मागे वाकवा, मेनस्प्रिंगचे (हॅमरला ढकलणारी स्प्रिंग) दोन वेढे छाटा, आकड्यांवर बारीक दगड मारा. अर्ध्या तासाचं काम. मी दोन पिस्तुलांवर केलंय.

जुनं_ते_लोखंड
एक_घाव, तुमच्या आयडीला जागलात. :)

नेम_चुकला, दगड, कानस, पॉलिशपेपर सगळं खणात टाका आणि खणाला कुलूप लावा. आधी तो चाप जड का आहे ते शोधायचं. मूळ लष्करी पिस्तूल पाच ते साडेसहा पौंडांच्या घरात असतं. तुमचं सात-साडेसात दाखवतंय, म्हणजे कारखान्यातून निघाल्यावर काहीतरी घडलंय.

आतली रचना थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. चाप मागे ओढला की त्याची रिकीब (मॅगझिनला दोन्ही बाजूंनी वळसा घालून मागे जाणारी पातळ पट्टी) डिस्कनेक्टरला ढकलते. डिस्कनेक्टर सिअरच्या पायाला ढकलतो. सिअर फिरतो, त्याचं नाक हॅमरच्या आकड्यांतून निसटतं आणि हॅमर पडतो. गोळी सुटून स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) मागे गेली की ती डिस्कनेक्टरचं डोकं खाली दाबते आणि चाप-सिअरचा संबंध तुटतो. तुम्ही चाप सोडल्याशिवाय तो संबंध परत जुळत नाही. म्हणूनच एका ओढीला एकच गोळी.

आता सिअर स्प्रिंग. तिला तीन पाती असतात. डावं पातं सिअरला हॅमरकडे दाबून धरतं. मधलं डिस्कनेक्टरला वर आणि चापाला पुढे ढकलतं. उजवं मुठीच्या सेफ्टीचं (पकडताना तळहाताने दाबली जाते ती). तुमच्या बोटाला जे वजन लागतं ते डाव्या आणि मधल्या पात्याचा जोर, अधिक आकडे आणि नाक यांच्यातलं घर्षण. आकड्यांवरचा दाब मेनस्प्रिंगमधून येतो, म्हणून ती बदलली तरी चाप थोडा बदलतो.

डावं पातं फार ढिलं झालं तर स्लाइड आपटताना सिअर आकड्यांत नीट बसत नाही आणि हॅमर स्लाइडच्या मागोमाग खाली येतो. मधलं ढिलं झालं तर डिस्कनेक्टर वेळेवर जागेवर येत नाही. मग कधी चाप मेलेला, तर कधी एका ओढीला दोन गोळ्या. .४५ची दुसरी गोळी सुटते तेव्हा नळी उसळून वर गेलेली असते. ती कुठे जाईल ते तुमच्या हातात नसतं.

आणि मेनस्प्रिंगचे वेढे छाटणं हा तर निव्वळ अडाणीपणा. मूळ स्प्रिंग २३ पौंडांची असते. ती दुबळी केली तर प्राइमर (काडतुसाच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी) पेटायला उशीर होतो किंवा पेटतच नाही, आणि स्लाइडला मागे जाताना मिळणारा अटकाव कमी होऊन फ्रेमवर मार वाढतो.

एक_घाव
अहो, माझी दोन्ही पिस्तुलं व्यवस्थित चालतात. पुस्तकी घाबरवणं नको. हलके घ्या.

जुनं_ते_लोखंड
चालतात ना, आनंद आहे. हॅमर चढवा, चापाला हात न लावता अंगठ्याने हॅमर मागून जोरात पुढे रेटा आणि काय होतं ते इथे लिहा. पिस्तूल अर्थातच रिकामं.

भिंगवाली
दोघांनी भांडायच्या आधी धागाकर्त्याला फुकटातल्या तपासण्या सांगूया. पिस्तूल न उघडता होणाऱ्या.

मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. मग:

मॅगझिन काढून चाप ओढा, रिकामं मॅगझिन घालून ओढा. फरक पडला तर रिकीब वाकली आहे आणि मॅगझिनला घासतेय. जुन्या पिस्तुलात हे इतकं सर्रास आढळतं की मी पहिल्यांदा हेच बघते.

मुठीची सेफ्टी एकदा पूर्ण दाबून आणि एकदा जेमतेम दाबून ओढा. जेमतेम दाबल्यावर खरखर वाढली तर सेफ्टीचं टोक रिकिबीवरून काठाकाठानेच सुटतंय. तुमची पकड उंच असेल तर तळहाताचा दाब तिथे कमी पडतो आणि माणूस उगाच चापाला दोष देतो.

आता अंगठ्याच्या सेफ्टीची परीक्षा. हॅमर चढवून सेफ्टी वर करा, चाप नेहमीपेक्षा जास्त जोराने ओढा, सोडा. सेफ्टी खाली करा. आता चापाला न शिवता हॅमर किंचित मागे ओढा आणि कान द्या. बारीकसा टक् आवाज आला तर सेफ्टी लागलेली असतानाही सिअर सरकला होता, आणि आत्ता जागेवर परतला. हे चालणार नाही.

शेवटची लोखंडरावांनी सांगितलीच आहे, हॅमर रेटण्याची. आणि वजन मोजायला स्प्रिंगचा काटा नको. ठरलेल्या वजनाचं लोढणं तारेला लावा, नळी सरळ वर धरा, तार चापाच्या मध्यावर अडकवा आणि सावकाश उचला. अमेरिकेतल्या एनआरए या बंदूकधाऱ्यांच्या संघटनेच्या सामन्यात .४५ला साडेतीन पौंडांचं लोढणं असंच उचलून दाखवावं लागतं. काट्यावर हात थरथरला की आकडा पळतो, म्हणून तुमचे ३.२ आणि ३.५.

वाचनमात्र
माझ्याकडे पिस्तूल नाही, पुढे असण्याची शक्यताही नाही, तरी धागा चवीने वाचतोय. अवांतर: लहानपणापासून 'घोडा दाबला' असंच ऐकत आलो. इथे सगळे चाप म्हणताय. घोडा नेमका कोणता?

पटावरचा_ठिपका
घोडा म्हणजे हॅमर. जुन्या ठासणीच्या बंदुकांत तो अंगठ्याने 'चढवायचा', मग चाप ओढायचा. बोलीत दोन्ही एक होऊन गेले आणि घोडा दाबला जाऊ लागला. रिकीबही याच तबेल्यातली.

नेम_चुकला
सर्वांचे आभार. भिंगवाली ताई, तुमच्या सगळ्या तपासण्या करून आलोय. काही बरं नाही.

लोढण्यावर मॅगझिनसकट ३.३ किलो, मॅगझिन काढल्यावर २.९. म्हणजे रिकीब घासतेय.

मुठीच्या सेफ्टीने काही फरक नाही.

अंगठ्याच्या सेफ्टीत टक् आवाज आला. पाचपैकी पाच वेळा.

हॅमर रेटला आणि तो पडला. पूर्ण नाही, अर्ध्या चढीच्या खाचेत अडकला. दोनदा. तिसऱ्यांदा रेटायची हिंमत झाली नाही.

चाप इतका जड असून हॅमर आपोआप कसा निसटतो? मला वाटलं होतं जड म्हणजे निदान सुरक्षित तरी.

जुनं_ते_लोखंड
आता ते पिस्तूल काडतुसाजवळ नेऊ नका. पुढचं पुढे.

तुमचा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवतो. माझा अंदाज असा: तुमच्या आधीच्या कुणीतरी चाप हलका करायला आकड्यांवर दगड फिरवला. आकडे बुटके झाले किंवा त्यांचा कोन बिघडला. मग स्लाइड सोडली की हॅमर मागोमाग यायला लागला. ते झाकायला त्याने सिअर स्प्रिंगचं डावं पातं चांगलंच पुढे वाकवलं. हॅमर येणं बंद झालं, चाप जड झाला, आणि पिस्तूल 'दुरुस्त' होऊन पेटीत गेलं. म्हणजे तो जडपणा ही त्या जखमेवरची पट्टी आहे. तुम्ही पातं मागे वाकवून ती सोडणार होतात.

उघडून बघितल्याशिवाय खात्री नाही. उघडता येतं का?

नेम_चुकला
स्लाइड काढून साफसफाई करतो. फ्रेमच्या आतलं कधी उघडलेलं नाही.

भिंगवाली
नुसतं उघडून बघायला हरकत नाही, घासायचं नसेल तर. दोन गोष्टी सांभाळा.

स्लाइड काढलेली असताना चाप ओढून हॅमर मोकळा आपटू देऊ नका. त्याला थांबवायला स्लाइड नसते, तो थेट फ्रेमवर बसतो. अंगठ्याने धरून उतरवा.

परत जोडताना सिअर स्प्रिंगच्या तळाची जीभ फ्रेमच्या खाचेत बसली का ते बघा, आणि तीन पाती तीन जागी. डावं पातं चुकून डिस्कनेक्टरवर बसलं की माणूस दोन तास डोकं धरून बसतो. (अनुभव. त्यावर जास्त विचारू नका.)

आत आल्यावर सगळं आधी धुवा. पेटीत पडलेल्या पिस्तुलातलं तेल वाळून मधासारखं घट्ट होतं आणि शेवटी वार्निशच बनतं. नुसत्या धुण्याने खरखर जाते असं मी अनेकदा पाहिलंय.

मग आकड्यांना आणि सिअरच्या नाकाला मार्करची शाई लावा, जोडा, दहा-बारा वेळा हॅमर चढवून उतरवा, पुन्हा उघडून भिंगाखाली बघा. शाई पुसली गेली ती जागा टेकते.

एक_घाव
मी माझं एक पिस्तूल रेटून बघितलं. पडलं नाही. दुसरं अजून बघितलं नाही.

पटावरचा_ठिपका
'अजून' वाचून मौज वाटली.

संग्रहातला_एक
उशिरा आलो. थोडी वेगळी बाजू. युद्धकाळातल्या १९११ए१चे मूळ भाग जिथल्या तिथे असतील तर त्या वस्तूला वेगळा मान असतो. हॅमर, सिअर, चाप, सेफ्टी, काहीही फेकू नका. घासलेला आकडासुद्धा मूळच आहे. त्या भागांवर खुणा, शिक्के आहेत का बघा, फोटो काढा, तेल लावून पुडीत बांधून ठेवा. नेमबाजीसाठी नवे भाग बसवा, हवे तेव्हा जुने परत घालता येतात. फ्रेमवर मात्र काही कोरू, भोक पाडू देऊ नका. तिथून माघार नाही.

माझं खरं मत विचाराल तर हे पिस्तूल कपाटात ठेवा आणि सामन्यासाठी दुसरं घ्या. पण ते कुणी ऐकत नाही.

पटावरचा_ठिपका
दर वेळी हेच. जॉन ब्राउनिंगने हे यंत्र चालवण्यासाठी बनवलं, काचेत ठेवण्यासाठी नाही. १९११ साली स्वीकारलं गेलं आणि सत्तरहून जास्त वर्षं अमेरिकी सैन्याच्या कमरेला होतं, ते चालत होतं म्हणून. भाग बदलून वापरावं याला मात्र +१.

नेम_चुकला
उघडलं. लोखंडराव, तुमच्या अंदाजाला दंडवत.

आत तपकिरी वार्निश होतं, सिअरच्या पिनेभोवती तर टोकरावं लागलं. धुऊन जोडल्यावर मॅगझिनशिवाय २.९चे २.६ झाले. खरखर निम्म्याहून कमी.

पण शाईने घात केला. हॅमरला दोन आकडे आहेत, डावा आणि उजवा. उजव्यावरची शाई पुसली गेली, डाव्यावरची जशीच्या तशी. सगळा भार एकाच आकड्यावर, तोही एका कोपऱ्यावर. भिंगातून त्या कोपऱ्यावर आडवे चरे स्पष्ट दिसतात, कारखान्यातले नाहीत हे मलाही कळतं. आणि स्प्रिंगचं डावं पातं मधल्यापेक्षा एवढं पुढे आहे की बघताक्षणी हसू आलं.

आता नवी स्प्रिंग, नवा हॅमर, नवा सिअर घेऊन मीच बसवू का? तयार जोड्या मिळतात.

जुनं_ते_लोखंड
नका. 'तयार' म्हणजे काय, ते या यंत्रात फसवं आहे. हॅमर आणि सिअर आपापल्या पिनांवर फिरतात, आणि त्या पिनांची भोकं तुमच्या फ्रेममध्ये ऐंशी वर्षांपूर्वी पाडलेली आहेत. जोडी कितीही चोख असली तरी तुमच्या फ्रेममध्ये नाक दोन्ही आकड्यांवर सारखं टेकतंय का ते बघावं लागतं. थोडं घासावं लागलं तर ते जिगमध्ये (भाग पक्का धरणारा साचा), ठरलेल्या कोनात. या भागांवर कडक पोलादाचं कवच पातळ असू शकतं. ते ओलांडून घासलं की आतलं मऊ पोलाद उघडं पडतं. पहिल्या दिवशी चाप लोण्यासारखा, आणि काही शे गोळ्यांनंतर आकडे झिजून तुम्ही परत इथे.

आणि मुख्य म्हणजे अंगठ्याची सेफ्टी. तिचा आतला उंचवटा सिअरला अडवतो. नवा सिअर म्हणजे सेफ्टी नव्याने जुळवणं आलंच. तुमची जुनी तर आधीच टक् करतेय, म्हणजे उंचवटा कमी पडतोय. धातू काढता येतो, घालता येत नाही, त्यामुळे बहुधा नवी लागेल.

हे सगळं १९११ची कामं नेहमी करणाऱ्या गनस्मिथकडे द्या. जाताना हा धागा नको, शाईचे फोटो न्या. आणि चार पौंडांचा हट्ट धरू नका. साडेचार नीट सुटणारे हे चार रांगणाऱ्यापेक्षा बरे.

भिंगवाली
सहमत. एक पुरवणी: रिकामी स्लाइड मागे अडकवून दाणकन सोडायची सवय असेल तर मोडा. काडतूस वर ढकलताना स्लाइडचा वेग थोडा खातं. रिकाम्या चेंबरवर ती पूर्ण वेगाने आपटते आणि त्या धक्क्याने सिअरचं नाक आकड्यांवर उसळतं. जुन्या वजनदार पोलादी चापाची रिकीबही त्याच वेळी जडत्वाने मागे येऊन डिस्कनेक्टरला ढुशी देते. म्हणून चाप हलका केला की हॅमर पडायची भीती वाढते. हाताने धरून सावकाश पुढे न्या.

वाचनमात्र
घोड्याने रिकिबीला नव्हे, रिकिबीने घोड्याला पाडलं म्हणायचं.

एक_घाव
दुसरं पिस्तूल बघितलं. अर्ध्या खाचेत आलं.

बोलायचं असेल ते बोला. गनस्मिथकडे देतोय.

जुनं_ते_लोखंड
काही बोलत नाही. कळवलंत हे चांगलं केलंत.

नेम_चुकला
सहा आठवड्यांनी परत आलोय. धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

गनस्मिथने नवा हॅमर, सिअर, सिअर स्प्रिंग आणि अंगठ्याची सेफ्टी बसवली. डिस्कनेक्टर जुनाच, तो मापात होता. रिकीब माझ्यासमोर सपाट ठोकळ्यावर सरळ केली, दहा मिनिटंही लागली नाहीत, आणि मॅगझिन घातल्यावरचा फरक गेला. मेनस्प्रिंग २३चीच, पण नवी. मी चार पौंड म्हणालो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि साडेचार म्हणाला.

लोढण्यावर दोन किलोला जेमतेम उचलतो. भिंत लागते आणि सुटतो, मध्ये काही नाही. रेटून बघितलं, हलत नाही. टक् नाही.

रेंजवर त्याच्याच सांगण्यावरून पहिल्यांदा मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं भरली, म्हणजे काही बिघडलं तरी दोनावर संपेल. असं दहा वेळा. मग तीन-तीन. मग पाच. शंभर गोळ्यांत एकदाही गडबड नाही. छेद अजून डावीकडे खालीच जातात, पण पूर्वी ताटाएवढा पसारा होता, आता बशीएवढा आहे.

जुने भाग तेल लावून पुडीत आहेत. संग्रहातला_एक, जुन्या सेफ्टीवर आतल्या बाजूला एक बारीक अक्षर दिसतंय. फोटो इथे टाकू की वेगळा धागा काढू?

संग्रहातला_एक
वेगळा काढा. आणि पुडी पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा, नाहीतर दहा वर्षांनी कुणीतरी ती भंगारात देईल.

पटावरचा_ठिपका
डावीकडे खाली जातंय ते आता चापाच्या नावावर खपणार नाही हं. नवा धागा त्यावरही काढा.